चार पेले कणी

तीन-तीन मजल्यांच्या परांचीवर गवंडी वीस वर्षं बिनधास्त फिरला, आणि पडला तो कोंबड्यांच्या खुराड्यावरून. खुराडं होतं कमरेएवढं. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यावर दोन पत्रे ठोकायला चढला, लाकूड आतून कुजकं निघालं, आणि उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. दहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं बजावलं. गवंड्याने प्लास्टरवर नख वाजवून पाहिलं. "गिलावा बरा झालाय, पण कडा नीट घोटल्या नाहीत," म्हणाला. दवाखान्यात सगळे हसले. घरी आल्यावर मात्र कोणी हसलं नाही.

कोरड्या थंडीचे दिवस होते. बांधकामाचा खरा हंगाम हाच. याच महिन्यांत कमवायचं आणि पुढे पावसाळाभर पुरवायचं, असं त्या घराचं चाललेलं होतं. घरात माणसं पाच. गवंडी, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि दोन मुली. म्हातारीच्या हाताला कंप सुटलेला, चुलीजवळ तिला बसू देत नसत. थोरली मुलगी आठवीत, धाकटी तिसरीत. कोपऱ्यात तांदळाच्या कणीचं एक पोतं होतं, डाळीचा डबा होता, तेलाची अर्धी बरणी होती. पाय बरा होईपर्यंत यात भर पडायची काही चिन्हं नव्हती.

गवंड्याच्या बायकोने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बटाट्याच्या काढणीला जायला निघाली. सोबत ती खुराडंवाली शेजारीण होतीच. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत बोलत असे आणि बंद करायची खुंटी कुणाला सापडलेली नव्हती. काढणीचं काम म्हणजे पुढे नांगर चालायचा, मागून बायकांनी ओणवं होऊन बटाटे वेचायचे, टोपली भरली की डोक्यावर घेऊन बांधावरच्या ढिगाकडे न्यायची. मजुरी रोख मिळे आणि ती औषधाला व मुलींच्या शाळेला जाई. वर एक सवलत होती. व्यापारी घेत नसे ते सुपारीएवढे, फार तर लिंबाएवढे बटाटे ज्याला हवे त्याने न्यावेत.

राहता राहिली चूल. ती गवंड्याच्या गळ्यात पडली.

"काही अवघड नाही," बायको पहाटे कामावर निघता निघता सांगू लागली. "चार पेले कणी, एक पेला डाळ. कणीवर दोन पेरं पाणी. कांदा आधी चांगला लाल करा, मग त्यात काय घालायचं ते घाला. कांदा कच्चा राहिला की सगळं जेवण गरीब लागतं."

"आणि मीठ?"

"चव बघून. दोनदा बघायची. तिसऱ्यांदा बघितली की ते जेवण झालं."

गवंडी उपड्या घमेल्यावर बसला, प्लास्टरचा पाय दाराकडे लांब केला आणि कामाला लागला. पत्र्याचा पेला कणीने भरायचा आणि थापीच्या कडेने वरून सपाट कापायचा. माप म्हणजे माप. पाणी घातलं, उकळी आली, आणि इथे त्याच्या हातांनी घात केला. भांड्यात काही शिजताना दिसलं की ते ढवळलं पाहिजे, एकजीव केलं पाहिजे, असं त्या हातांना वीस वर्षं ठाऊक होतं. त्याने ढवळलं. वर दाबून सारखंही केलं. दुपारी भात भांड्यातून निघेना, निघाला तो वड्यांनी निघाला.

म्हातारीने एक वडी बोटाने टोचून पाहिली. "हा खायचा, की याने मागच्या भिंतीची भेग बुजवायची?"

"आजी, पडणार नाही ती भिंत," थोरली म्हणाली, आणि दोघी मुली तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या.

पण कारागीर तो कारागीरच. एकदा चुकलेलं दुसऱ्यांदा चुकायचं नाही, एवढी त्याची रीत होती. दुसऱ्या दिवशी त्याने शिजत्या भाताला हात लावला नाही. चौथ्या दिवशी कांद्याचा रंग जमला. रोज दुपारी भाजीची गाडी परतताना थांबे, तिच्या तळाशी राहिलेला माल तो भाजीवाल्याकडून मागून घेऊ लागला. कोबीची वरची जाड पानं, फ्लॉवरचे देठ, लाल भोपळ्याच्या साली. बाहेरची पानं फार वेळ शिजवावी लागतात आणि देठ आधी सोलावे लागतात, हे त्याला कळलं. भोपळ्याची साल बारीक चिरून तेलाच्या थेंबावर कुरकुरीत केली तेव्हा धाकटीने आणखी मागितली, आणि गवंड्याला कुणी घराचं पूर्ण बांधकाम वाखाणल्यावर होई तेवढा आनंद झाला. डाळीचं पहिलं पाणी तो आता फेकत नसे. त्यात मीठ-मिरी घालून म्हातारीला देई. "अरे वा," म्हातारी फुंकर मारत म्हणे, "पाय आणखी थोडे दिवस मोडलेलाच राहू दे."

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला टोचत होती. जेवण पुरत नव्हतं.

बायको पहाटे जाई म्हणून तिचा डबा आधी भरायचा. गवंडी तो दाबून भरे, कारण ओणव्याने मातीत राबायचं काम त्याला ठाऊक होतं. मग दुपारी शाळेतून आल्यावर मुली जेवायच्या, म्हातारी जेवायची, आणि गवंड्याच्या वाट्याला भांड्याची कडा यायची. थोडी खरवड, थोडी डाळ, डाळीतही पाणीच जास्त. रोज असंच. कधी एक घास जास्त, कधी एक कमी. पोटात कावळे ओरडत असत आणि तो पायाच्या दुखण्याचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून पडे.

त्याला लाज वाटत होती. विटा किती लागतील हे नुसती जागा बघून सांगणारा माणूस, आणि पाच जणांचा भात त्याला पुरवता येईना! माल कुठेतरी वाया जात असणार. त्याने साली तपासल्या, भांडी खरवडली, जाळ कमी केला, झाकणावर दगड ठेवून पाहिला. बायकोला विचारायची सोय नव्हती. तिच्या हातचं कधी कमी पडलं नव्हतं. चौदा वर्षांत एकदाही नाही. आणि संध्याकाळी ती घरी येई तेव्हा डब्यात निम्मा भात तसाच असे.

"पुरून उरला बाई," ती म्हणे. "एवढा भरता कशाला? घ्या गं पोरींनो."

मुली डब्यावर तुटून पडत. गवंडी वरकरणी हसे आणि मनात म्हणे, बघा, तिला थोडंच लागतं, आणि मी मात्र दिवसभर बसून खायला मागतोय.

अकराव्या दिवशी संध्याकाळी रेडिओ एकटीच पुढे आली. गवंड्याची बायको मागे ओढ्यावर हातपाय धूत होती. रेडिओ दारात टेकली, आणि नवल म्हणजे आवाज खाली करून बोलू लागली.

"मिस्त्री, तुम्हाला सांगू नको म्हणाली, पण मला पोटात ठेवता येत नाही. आज परत बसली ती."

"कोण बसली?"

"तुमची बायको. टोपली डोक्यावर घेतली आणि बसलीच खाली सरीत. बटाटे सगळे सांडले. परवापण बसली होती. मुकादम म्हणाला, पुढच्या वेळी बसलीस तर उद्यापासून येऊ नकोस, माझ्याकडे धडधाकट बायका रांगेत उभ्या आहेत."

"आजारी आहे का ती?"

"आजारी कसली! उपाशी आहे. दुपारी डबा उघडते, चार घास खाते, आणि झाकण लावते. मी म्हटलं, अगं खा. तर म्हणते, एवढंच लागतं मला. मिस्त्री, एवढ्यावर माझी कोंबडीसुद्धा अंडं देणार नाही!"

रेडिओ गेली. गवंडी घमेल्यावर बसून राहिला. पुढचे सगळे आठवडे त्या मजुरीवर होते. ते काम गेलं तर औषध बंद, शाळा बंद, नाहीतर पोतं विकायची पाळी. पण त्याला त्या क्षणी पोत्याचं काही वाटलं नाही. सरीत बसलेली बायको त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आई," त्याने विचारलं, "ही माप कशी धरते? सपाट की शिगेचं?"

"सपाट. मीच शिकवलं." म्हातारी बाजेवर पडून ऐकत होती. "माणशी एक पेला."

"मग पाच झाले."

"चार."

"आई, माणसं मोज. तू, मी, दोन पोरी..."

"चारच की," म्हातारी सहज म्हणाली. "रांधणारीचं माप धरत नाहीत. ती कडेचं-तळाचं घेते. भांड्याला लागलेलं असतं, कुणाच्या ताटात राहिलेलं असतं. माझ्या सासूनं मला असंच सांगितलं, मी हिला सांगितलं. त्याशिवाय पोतं पुरत नाही रे."

त्याचा स्वयंपाक बरोबर होता. माल कुठेही वाया जात नव्हता. चार माणसांच्या अन्नात पाच माणसं जेवत होती, आणि जो चुलीपाशी बसेल त्याने उपाशी राहायचं होतं. अकरा दिवस ती जागा त्याच्याकडे आली होती. त्याआधी चौदा वर्षं ती दुसऱ्या कुणाची होती, आणि तो रोज तिच्यासमोर बसून पोटभर जेवून उठत होता, वर ढेकर देत होता.

म्हातारी उठून बसली होती. "मी वाईट शिकवलं का रे?"

"नाही आई," तो म्हणाला. "तूही तेच खाल्लंस."

बायको आली. ओल्या हातांनी डबा ओट्यावर ठेवला. "पुरून उरला," म्हणाली.

गवंड्याने डबा हातात घेऊन तोलला. "रेडिओ येऊन गेली."

ती नखांतली माती काडीने काढू लागली. मग म्हणाली, "मुली वाढत्या आहेत."

"आणि तू?"

"मी काय, मी झाले वाढून."

"अगं, अकरा दिवस मी तुझ्या वाटणीचं जेवलो," गवंडी म्हणाला. "नुसतं बसून होतो, तरी उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. अकरा दिवसांत माझी ही गत. तू चौदा वर्षं..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही.

"मोजू नका हो," ती संकोचून म्हणाली. "तसं काही मोजलेलं नाही मी."

"मोजायला पाहिजे होतं मी. माझं काम ते."

पण आता पाच पेले घालायचे म्हटलं तर पोतं आठ आठवडे जाईना. मुलींच्या ताटातलं काढायचं म्हटलं तर बायको डबा परत आणणारच. गवंडी रात्रभर नव्हे, पण उजाडायच्या आधीचा तासभर नक्की जागा होता, आणि त्याला सुचलं ते त्याच्या धंद्यातलंच सुचलं. दगडी भिंतीला दोन तोंडं असतात. चांगला घडीव दगड तोंडाला लावायचा आणि पोटात भर घालायची. भर नीट बसवली तर भिंत दोनशे वर्षं उभी राहते, आणि घडीव दगड निम्माच लागतो. आजवर बारीक बटाटे ते आमटीत तीन-चार टाकत होते, बाकीचे पिशवीत मोड येऊन बसले होते. भर कोपऱ्यात पडलेली होती आणि तो दगड कमी पडतो म्हणून रडत होता.

त्याने पेले घेतले तीनच. बटाटे घासून घासून धुतले, सालीसकट मीठ घालून उकडले, एकेक तळहाताखाली दाबून नुसता तडकवला. कांदा असा लाल केला की शेजारून रेडिओने ओरडून विचारलं, आज कोण पाहुणे? त्या कांद्यात बटाटे परतले, लसूण ठेचून घातला. मग मोठं पातेलं घेतलं. तळाला अर्धी शिजलेली कणी, मधे बटाट्यांचा थर, त्यावर कोबीची चिरलेली पानं, वर पुन्हा कणी. झाकण, झाकणावर दगड, खाली नुसते निखारे. ढवळायची हाताला शिवशिवी सुटली तशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

झाकण काढलं तेव्हा पातेलं काठोकाठ होतं. तळाचा थर तांबूस, खमंग. पाच जणांचं होऊन वर एका माणसाचं उरेल एवढं. गवंडी त्या पातेल्याकडे बघत राहिला आणि त्याला एकदम देवाचे, शेताचे, व्यापारी घेत नाही त्या बटाट्यांचे, सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले.

डबा भरताना त्याने बायकोला पातेलं दाखवलं. "बघ. पोरींचं काढून ठेवलंय, आईचं काढलंय, माझंही आहे. घरी परत आणलास तर कोंबड्यांना घालीन."

"आणि माझ्या कोंबड्या खातील!" रेडिओ बाहेरून म्हणाली. "मी बघते ना, डबा रिकामा झाल्याशिवाय उठू देत नाही हिला."

डबा त्या दिवशी पाव भाग भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशी दोन घास. चौथ्या दिवशी तो रिकामा आला, धुतलेला. गवंड्याने तो ओट्यावर उपडा घातला. आठवडा झाला आणि रेडिओने बातमी आणली की मुकादमाने आज तिला मोठी टोपली दिली, आणि ती चाळीस खेपा करूनही बसली नाही. मुकादम आता हिलाच सांगत होता की नव्या बायकांना वेचायचं कसं ते दाखव.

सुट्टीच्या दिवशी सगळे एकदम घरात होते. दुपारचं ऊन दारातून थेट चुलीपर्यंत आलं होतं. गवंड्याने पातेलं उतरवलं, आणि बायको वाढायला उठली तशी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"तू बस. पहिलं ताट तुझं."

"काहीतरीच! आधी आईंना."

"बस गं," म्हातारी म्हणाली. "मी काही पळून जात नाही."

ती बसली खरी, पण एक गुडघा उभा ठेवून, कोणीही हाक मारली तर उठता यावं अशी. गवंड्याने ताट भरलं. तळाचा खमंग तुकडा तिच्या भातावर ठेवला. ती भराभर जेवू लागली. इतकी वर्षं ती अशीच घाईत, शेवटी, भांडी घासायच्या आधीच्या पाच मिनिटांत जेवत आली होती. ताट संपलं. त्याने आणखी वाढलं. तेही संपलं.

"भरलं का पोट?" त्याने विचारलं.

ती विचारात पडली. थट्टा करत नव्हती. खरोखर पोटाशी हात ठेवून बघत होती.

"काय की," ती म्हणाली. "भरलं म्हणजे नक्की कसं कळतं?"

म्हातारीने मान खाली घातली. गवंड्याच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. धाकटीला मात्र हा प्रश्न सोपा वाटला, कारण या विषयात तिच्याइतकं घरात कोणाला कळत नव्हतं.

"आई, मी सांगते," ती सरसावून बसली. "आधी घास हळूहळू होतो. मग पाणी प्यावंसं वाटतं. मग ताटातल्या बटाट्याकडे बघितलं ना, की कंटाळा येतो. कंटाळा आला की भरलं."

"असं होय?"

"हो. घाई नाही करायची."

बायकोने उभा गुडघा खाली घेतला आणि मांडी घालून नीट बसली. गवंड्याने तिसऱ्यांदा वाढलं. या वेळी ती हळू जेवली. एकेक बटाटा फोडून, कांदा वेगळा चाखून, मधे थांबून. पाणी प्यायली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला ते कळतही नव्हतं. ताट रिकामं झालं. तिने पातेल्यात डोकावून बघितलं, उरलेल्या बटाट्यांकडे जरा वेळ नीट बघितलं, जसं मुलीने सांगितलं होतं तसं.

मग लाजत, हसत, तिने ताट पुढे केलं.

"कंटाळा नाही आला अजून," ती म्हणाली. "वाढा."